बेत करावा की देवावर सोडून द्यावे?

वाचन: नीतिसूत्रे १६:१-९, यशया २८:२३-२९, याकोब ४:१३-१७



नीतिसूत्रांचे पुस्तक रोज एक अध्याय याप्रमाणे वाचणारे आपल्यात पुष्कळ जण आहेत. महिन्याचे दिवस एकतीस, पुस्तकाचे अध्यायही एकतीस. आज तारीख कोणती ते बघायचे आणि तो अध्याय उघडायचा. मीही बरीच वर्षे असेच वाचतो. पण असे वाचताना एक गोष्ट खटकते, आणि तिच्याविषयी आज जरा सविस्तर लिहायचे आहे.

सहा तारखेला शलमोन आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतो. तिच्यावर मुकादम नाही, अधिकारी नाही, तरी ती उन्हाळ्यातच पुढची तरतूद करून ठेवते. पंधरा तारखेला वाचतो की सल्लामसलत केली नाही तर बेत फसतात. एकवीस तारखेला कळते की उद्योगी माणसाचे बेत त्याला भरभराटीकडे नेतात. म्हणजे देवाला नियोजन आवडते, असे आपण मनाशी ठरवतो.

पण मध्येच एकोणीस तारीख येऊन गेलेली असते. तिथे म्हटले आहे की माणसाच्या मनात बेत पुष्कळ असतात, शेवटी टिकतो तो परमेश्वराचा. सत्तावीस तारखेला तर उद्याची बढाई मारूच नको, असे बजावले जाते. दिवस पोटात काय घेऊन येईल हे तुला कुठे ठाऊक आहे?

नव्या करारात आलो तरी हेच. लूक १४ मध्ये प्रभू येशू म्हणतो की बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अडकले की लोक हसतील. आणि मत्तय ६ मध्ये तोच प्रभू सांगतो की उद्याची चिंता करू नका. मग आपण करायचे तरी काय? हिशेबाची वही उघडायची की बंद करायची?

आपल्या मंडळ्यांत दोन्ही प्रकारचे विश्वासी आहेत. काहींची पुढच्या दहा वर्षांची आखणी तयार असते. प्रार्थना होते ती फक्त शेवटी शिक्का मारून घेण्यापुरती. काही जण मुलांच्या फीची तारीख उलटली तरी "प्रभू बघून घेईल" म्हणून निवांत असतात. दोघांकडेही वचन आहे, आणि दोघेही दुसऱ्याला अविश्वासू समजतात. म्हणून ही केवळ अभ्यासकांची चर्चा नाही. आपल्या घरातले पैसे, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी, सगळे या प्रश्नाशी बांधलेले आहे.

एकच शब्द, सगळीकडे

वर नीतिसूत्रांतली जी वचने सांगितली, त्यांपैकी १५:२२, १९:२१ आणि २१:५ या तिन्ही ठिकाणी मूळ हिब्रू भाषेत 'बेत' या अर्थी एकच शब्द आहे: मखशाबोत. विचार करून रचलेली गोष्ट, योजना, आखणी असा त्याचा अर्थ. १६:३ मध्ये, आपली कामे परमेश्वरावर सोपवली की जे सिद्धीस जाते, तेही मखशाबोतच. ६:१८ मध्ये देवाला ज्या गोष्टींचा वीट आहे त्यांत दुष्ट बेत रचणारे मन येते. तिथेही हाच शब्द.

आणि आता ज्या वचनाची पाटी आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दिवाणखान्यात लावलेली असते, ते यिर्मया २९:११ पाहा. तुमच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते मी जाणतो, असे परमेश्वर तिथे म्हणतो. त्याच्या मनात जे आहे, तेही मखशाबोत!

यावरून एक गोष्ट उघड होते. बेत करणे ही मुळात पापाची गोष्ट असती, तर देवाने स्वतःच्या विचारांसाठी तो शब्द वापरू दिला नसता. देव स्वतः योजना करतो. त्याच्या प्रतिरूपात घडवलेला माणूसही योजना करतो. ती उद्योगी असू शकते, दुष्ट असू शकते, देवाच्या हाती सोपवलेली असू शकते, किंवा फुगलेली असू शकते. तेव्हा बेत करावा की नाही, यावर शास्त्राचा वाद नाही. शास्त्र विचारते ते हे: बेत करणारे हे मन कोणत्या अवस्थेत आहे?

कोणाला काय सांगितले?

डॉक्टर एका रोग्याला म्हणतो, मीठ कमी करा. दुसऱ्याला म्हणतो, मीठ-साखरेचे पाणी प्या. दोघे बाहेर बाकावर शेजारी बसले आणि चिठ्ठ्या ताडून पाहू लागले, तर म्हणतील, या डॉक्टरचा स्वतःशीच मेळ नाही. पण एकाचा रक्तदाब वाढलेला आहे आणि दुसऱ्याला जुलाब होत आहेत. वचने वाचतानाही चिठ्ठी कोणाच्या नावाची आहे ते आधी पाहावे.

मुंगीचा धडा आळशाला आहे. त्याला देवावर भरवसा ठेवायला सांगितलेले नाही, उठायला सांगितले आहे. कारण भरवशाचे नाव घेऊनच तो झोपलेला असतो.

याकोब ४ मधला इशारा व्यापाऱ्यांना आहे. आज किंवा उद्या अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू, अशी त्यांची भाषा आहे. गाव ठरले, मुदत ठरली, नफाही ठरला. आयुष्य मात्र धुक्यासारखे, घटकाभर दिसते आणि विरते. याकोब त्यांना धंदा बंद करायला सांगत नाही, हे नीट बघा. प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे किंवा ते करू, असे म्हणा, असे तो शिकवतो. म्हणजे 'करू' हे क्रियापद जागेवरच आहे. त्याच्या आधी 'जगू' आले, आणि त्याच्याही आधी प्रभूची इच्छा आली. सोळाव्या वचनात तो दोष देतो तो फुशारकीला, प्रवासाला नव्हे.

मत्तय ६ मधले शब्द काळजीने पोखरलेल्यांना आहेत. तिथले ग्रीक क्रियापद मेरिम्नाओ. मार्थेची धावपळ पाहून प्रभू तिला बोलला तेव्हा लूक १० मध्येही हेच आले आहे. उद्यासाठी तरतूद करणे वेगळे, आणि उद्याचे ओझे आजच उचलून कंबर मोडून घेणे वेगळे. पाखरे पेरत नाहीत, कापत नाहीत, हे खरे. पण घरट्यात चोच उघडून बसलेले मोठे पाखरूही आपण कधी पाहिलेले नाही. ते रोज उडते, शोधते. फक्त रात्री जागून कुढत नाही.

आणि यिर्मया २९ कोणाला आहे? बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पाठवलेले ते पत्र आहे. हनन्या नावाचा संदेष्टा तेव्हा गोड बातमी देत होता की दोन वर्षांत सगळे परत येईल. देवाने यिर्मयाकडून सांगितले सत्तर वर्षे. म्हणून अकराव्या वचनाच्या आधी पाचवे आणि सहावे वचन येते: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा. ज्या पत्रात देव स्वतःच्या योजनेविषयी बोलतो, त्याच पत्रात तो लोकांना त्यांची योजना करायला लावतो! देव सोडवणार आहे म्हणून गाठोडे बांधून वेशीवर बसून राहू नका, असाच त्याचा अर्थ झाला. पाटीवर एकच वचन मावते हे मान्य, पण मनात पूर्ण पत्र असू द्यावे.

दोन कोठारे

एक उदाहरण मला फार बोलके वाटते. शास्त्रात दोन माणसे धान्याची मोठी कोठारे भरतात.

उत्पत्ती ४१ मध्ये योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत मिसरच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवतो. नगरोनगरी कोठारे, वर अधिकारी, सगळे आखून. लूक १२ मध्ये एका धनवानाची जमीन चांगली पिकते आणि तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो. बाहेरून बघितले तर दोघांचे काम एकच. पण एकाला देवाचा आत्मा ज्याच्यात आहे असा मनुष्य म्हटले गेले आणि दुसऱ्याला मूर्ख.

फरक कुठे आहे? धनवानाचे बोलणे ऐका. तो फक्त स्वतःशी बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. त्याच्या बेतात देव नाही, बायकामुले नाहीत, ज्याने कापणी केली तो मजूरही नाही. योसेफाच्या कोठारात मात्र भुकेला मिसर होता, आजूबाजूचे देश होते आणि शेवटी ज्या भावांनी त्याला विकले तेही होते.

म्हणून आपल्या बेताला एक साधी कसोटी लावता येते: या कोठारात कोणाकोणाला जागा आहे? त्याच्या भिंती नुसत्या 'माझे, माझे' करीत असतील, तर उंची कितीही असो, रात्री जीव मागून घेतला जाईल तेव्हा त्या काय कामाच्या?

शेतकऱ्याला कोण शिकवतो?

यशया २८ चा शेवटचा भाग आपण फारसा वाचत नाही. तिथे संदेष्टा शेतकऱ्याकडे बोट दाखवतो. पेरणी करायची असलेला माणूस नुसता नांगरतच बसतो का? जमीन सारखी केली की कोणते बी कुठे टाकायचे, गहू कुठे, जव कुठे, हे तो ठरवतो. मळणीच्या वेळीही जिऱ्यासारख्या नाजूक पिकावरून तो गाडा फिरवत नाही, काठीने झोडपतो. आणि मग यशया म्हणतो की ही समज त्याला त्याच्या देवाने दिली आहे. ज्याची मसलत अद्भुत आहे त्याच्यापासून हे आले आहे.

हे वाचले की मला माझे वडील आठवतात. नगर जिल्ह्यातली आमची कोरडवाहू जमीन, मुख्य पीक बाजरी. मृग लागण्याआधी त्यांची नांगरट, कुळवणी झालेली असायची. बियाणे निवडून, वाळवून ठेवलेले. पाभर दुरुस्त करून भिंतीला उभी. एवढी सगळी तयारी. पण पहिल्या सरीला ते कधी पेरत नसत. पुरेसा पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत थांबत. बांधावर उभे राहून टोपी काढत, दोन शब्द प्रार्थनेचे बोलत आणि मग पाभर चालू. "पाऊस त्याचा, पाभर आपली," असं म्हणायचे. एका वर्षी पेरल्यावर पावसाने ओढ दिली आणि दुबार पेरणी करावी लागली. उसनवारी झाली, घरात ताण होता. पण पुढच्या वैशाखात नांगर पुन्हा बाहेर निघालाच. पाऊस देवाचा आहे म्हणून नांगरणे सोडावे, किंवा आपण नांगरले म्हणून पाऊस आपल्या हक्काचा, यांतले काहीही त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही.

यशयाच्या म्हणण्याचा अर्थ मला हाच वाटतो. आपण नियोजन करतो तेव्हा देवाला बाजूला ठेवून काही करीत असतो असे नाही. ती अक्कलही त्याचीच देणगी आहे. नहेम्याने यरुशलेमची दशा ऐकून उपास केला, प्रार्थना केली. किसलेव महिन्यात सुरू झालेली ती प्रार्थना निसान महिन्यापर्यंत चालली. राजाने विचारले तेव्हा मात्र त्याच्याजवळ उत्तर तयार होते: किती मुदत हवी, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रे हवीत, लाकूड कोणाकडून घ्यायचे. ते चार महिने तो गुडघ्यांवर होता आणि विचारही करीत होता. पुढे शत्रूंनी धमक्या दिल्या तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि पहाराही ठेवला. दोन्ही एकाच वचनात आहे, नहेम्या ४:९. कोट बावन्न दिवसांत पुरा झाला.

आता अवघड भाग

इथपर्यंतचे सगळे पटण्यासारखे आहे. पण खरा प्रश्न पुढेच आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरप्रार्थनेत एका बहिणीने तो विचारला. तिच्या मुलीला नर्सिंगला घालायचे होते. दोन वर्षे बचत गटात पैसे टाकले, माहीतगारांचा सल्ला घेतला, दर शुक्रवारी उपास धरला. प्रवेशाच्या तोंडावर नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि साठवलेले सगळे दवाखान्यात गेले. भेटायला आलेले कोणीतरी तिला म्हणाले, "ती योजना तुमची होती, देवाची नसणार. म्हणूनच मोडली." ती आम्हाला विचारत होती, "मग दोन वर्षं आम्ही गुडघे टेकून जे मागत होतो, ते काय होतं?"

खोलीत कोणी बोलले नाही. तिला तिथल्या तिथे वचन काढून दाखवावे, असे मलाही वाटले नाही. पण घरी आल्यावर मी शोधत राहिलो, आणि दावीदापाशी येऊन थांबलो.

२ शमुवेल ७ मध्ये दावीदाच्या मनात येते की मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश तंबूत आहे. त्याच्यासाठी घर बांधावे. यात स्वार्थ नाही, फुशारकी नाही. तो नाथान संदेष्ट्याचा सल्लाही घेतो आणि नाथान म्हणतो, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. म्हणजे हेतू चांगला, सल्ला घेतलेला, देवाचा माणूस अनुकूल. तरी त्याच रात्री देवाचे उत्तर येते: तू नाही, तुझा मुलगा बांधील.

आता १ राजे ८:१८ उघडा. मंदिराच्या समर्पणाच्या दिवशी शलमोन आठवण सांगतो की देव माझ्या बापाला म्हणाला होता, माझ्या नावासाठी घर बांधायचे तुझ्या मनात आले हे तू चांगले केलेस. 'नाही' म्हणणाऱ्या देवानेच हे म्हटले आहे! बेत नाकारला, पण ज्या मनातून तो निघाला ते मन त्याने नाकारले नाही. त्याची नोंद ठेवली, त्याची वाखाणणी केली.

म्हणून कोणाचा बेत मोडला की "ती देवाची इच्छा नव्हती, तुझाच हट्ट होता" असा निकाल देण्याची आपल्याला घाई नसावी. नीतिसूत्रांचा एकोणिसावा अध्यायच सावध करतो. तिसरे वचन सांगते की माणूस स्वतःच्या मूर्खपणाने वाट बिघडवतो आणि मग परमेश्वरावर चिडतो. एकविसावे वचन सांगते की टिकतो तो परमेश्वराचाच बेत. म्हणजे काही बेत आपल्या हलगर्जीने मोडतात आणि काही देवाच्या मोठ्या हेतूपुढे बाजूला होतात. आपला बेत मोडला तर तिसऱ्या वचनाने स्वतःला तपासावे. पण दुसऱ्याच्या दारात तिसरे वचन घेऊन जाऊ नये. आजारी माणसाच्या उशाशी तर नाहीच नाही.

दावीदाने पुढे काय केले तेही पाहा. रुसून बसला नाही. १ इतिहास २२ मध्ये तो दगड, लोखंड, तांबे, गंधसरूची लाकडे जमा करतो. २८ व्या अध्यायात मंदिराचा आराखडा शलमोनाच्या हाती देतो. २९ व्या अध्यायात स्वतःच्या भांडारातले सोने देतो. बांधणारे हात दुसरे असले तरी तयारी त्याने सोडली नाही.

त्या बहिणीला मी पुढे हे सांगितले. तिच्या मुलीला अजून प्रवेश मिळालेला नाही. ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून जाते आणि संध्याकाळी वडिलांचा व्यायाम करून घेते. पुढे काय होईल मला माहीत नाही, आणि दावीदाची गोष्ट सांगून मी तसे वचनही तिला दिले नाही. एवढेच म्हणालो की ते शुक्रवार वाया गेलेले नाहीत. तुमच्या मनात ते आले हे देवाने चांगले म्हटले आहे.

वाट आणि पाऊल

नीतिसूत्रे १६:९ मध्ये दोन वेगळे शब्द आहेत, ते नजरेतून सुटू नयेत. माणूस मनात योजतो ती आपली *वाट*. परमेश्वर स्थिर करतो ते त्याचे *पाऊल*. वाट लांब असते, मनात पूर्ण दिसते. पाऊल एका वेळी एकच पडते. आपण वाटेचा विचार करतो यावर देव रागवत नाही. पण उद्याचे वळण कुठे आहे ते तो पावलापावलाने दाखवतो.

पौलाचे जीवन याचा नमुनाच आहे. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तो आसियात जाऊ पाहतो, आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही अडवले जाते. त्रोवसला रात्री दृष्टान्त होतो आणि वाट मासेदोनियाकडे वळते. दोनदा अडला म्हणून पौल त्रोवसला घर करून बसला नाही, आणि बिथुनियाचा हट्टही धरला नाही. पुढे रोमकरांना तो कळवतो की तुमच्याकडे यायचे मी पुष्कळदा योजले, पण अडथळे आले. आता यरुशलेमला मदत पोचवून तुमच्याकडे येईन आणि तिथून स्पेनला जाईन. रोमला तो पोचला, पण बेड्या घालून. स्पेनचे काय झाले ते शास्त्र सांगत नाही. मात्र जाणे लांबले म्हणून जे पत्र लिहावे लागले, ते रोमकरांस पत्र आज आपल्या हातात आहे.

महाराष्ट्राच्या मंडळीला दुसरे उदाहरण फार दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या मित्रांनी मदत कबूल केली होती ती दहा वर्षांसाठी. ती मुदत संपल्यावर काय, असा विचार करून त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेबी बेत. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. एवढ्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा बागेसाठी घेतलेली केडगावची जमीनच त्यांच्या निवाऱ्याला आली. तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले.

विचार करा. आधी बेत केला नसता तर जमीनच नसती. आणि ही बागेची जागा आहे, इथे दुसरे काही नको, असा हट्ट धरला असता तर त्या मुलींना जागा नसती. बेत केला म्हणून देवाच्या हाती द्यायला काहीतरी होते. आणि हात उघडा होता म्हणून ते त्याला वापरता आले.

ओझे लोटा

शेवटी १६:३ कडे येऊ. आपली कामे परमेश्वरावर सोपव, असे आपण वाचतो. तिथले हिब्रू क्रियापद गालल, म्हणजे लोटणे, गडगडत ढकलणे. उत्पत्ती २९ मध्ये याकोब विहिरीच्या तोंडावरचा मोठा धोंडा लोटतो, तिथे हेच क्रियापद आहे. धोंडा लोटायला अंगाचा जोर लागतो, म्हणजे सोपवणे हे आळशाचे काम नव्हे. पण एकदा लोटला की तो आपल्या डोक्यावर राहत नाही. बेत केला, सल्ला घेतला, हिशेब मांडला, आणि मग तो देवाकडे लोटून दिला. आता तो त्याच्या हाती. त्याने तसाच परत दिला तर कामाला लागू. बदलून दिला तर बदललेला घेऊ. स्वतःजवळच ठेवून घेतला, तर निदान तो चांगल्या हातात आहे.

या आठवड्यात एवढे करून बघा. तुमचा जो बेत सध्या सगळ्यात जवळचा आहे, तो कागदावर लिहा; मनात घोळत ठेवू नका. त्यात कोणाकोणाला जागा आहे ते पाहा. ज्याला त्यातले कळते अशा एका तरी विश्वासू माणसाला तो दाखवा. मग कागद समोर ठेवून प्रार्थना करा आणि देवाला विचारा, यातले आजचे पाऊल कोणते? ते पाऊल आजच टाका. फॉर्म भरायचा असेल तर भरा, डॉक्टरांची वेळ घ्यायची असेल तर घ्या, कोणाचे पैसे द्यायचे असतील तर देऊन टाका. बाकीची वाट त्याच्याकडे राहू द्या.

आणि तुमच्या ओळखीत कोणाचा बेत नुकताच मोडला असेल, तर त्यांच्याकडे जा. कारण सांगायला नको, नुसते बसायला जा. जमल्यास डबा घेऊन जा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, विचार करायला तू आम्हाला बुद्धी दिलीस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्यात जो आळशी आहे त्याला उठव, जो फुशारकी मारतो त्याला नम्र कर, जो चिंतेने झोपत नाही त्याला विसावा दे. आमचे बेत आम्ही तुझ्याकडे लोटून देतो. जे तुला मान्य आहेत ते सिद्धीस ने, आणि जे तू नाकारतोस त्यांच्यासाठीही, दावीदाप्रमाणे, तयारी करणारे हात आम्हाला दे. ज्यांची स्वप्ने या वर्षी मोडली त्यांना तुझ्या जवळ घे, आणि त्यांना दुखावणारा शब्द आमच्या तोंडून निघू देऊ नकोस. आमच्या आजच्या पावलाला स्थिर कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.